उजेडातले आणि छायेतले
(फिलाडेल्फियाच्या चित्रशाळांतील काही दिवस)

मुलाकडे अमेरिकेस चार महिने राहून आल्यापासून, "मास्तर, काय काय पाहिलेत?" हा प्रश्न कोणी ना कोणी रोज विचारतो. नायगारा पाहिला, न्यूयॉर्कचे उत्तुंग मनोरे पाहिले. परंतु त्यांची वर्णने इतक्यांनी इतक्या वेळा केली आहेत की, माझ्या लेखणीने त्यांत भर घालावी असे काही उरलेले नाही. मनात घर करून राहिले ते फिलाडेल्फिया शहर, आणि त्यातही तेथील काही जुनी माणसे. ही माणसे निवर्तून शंभर-दोनशे वर्षे झाली. ती भेटतात ती भिंतींवर, तैलरंगांत.

चिरंजीवांचे बिऱ्हाड न्यू जर्सी संस्थानात आहे. डेलावेअर नदी ओलांडली की पलीकडे फिलाडेल्फिया. सूनबाई तेथील एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टर आहेत व रोज आगगाडीने नदीपार जातात. त्यांना सुटी मिळाली की मला बरोबर नेत. अशा रीतीने तेथील मोठे कलासंग्रहालय तीनदा पाहणे झाले. ते एका टेकाडावर आहे आणि समोर घाटासारख्या रुंद पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांवरून तरुण मंडळी धावत वर जातात आणि माथ्यावर दोन्ही हात उंचावून फोटो काढवून घेतात. एका मुष्टियोद्ध्याच्या चित्रपटामुळे ही चाल पडली आहे. मी दर टप्प्यावर विसावा घेत चढलो.

चित्रकलेतले मला काय कळते, असे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. माझा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला. परंतु माणसाला कोठे बसविले आहे, कोणाच्या मागे उभे केले आहे आणि कोणाच्या तोंडावर उजेड पाडला आहे, हे पाहण्यास चित्रकार असावे लागत नाही. पंगतीत जेवलेल्या प्रत्येकाला ते कळते.

विल्यम पेन याने १६८२ साली वसविलेले हे शहर १७९० ते १८०० या काळात अमेरिकेच्या राष्ट्राची राजधानी होते. राजा नाही, जहागीर नाही, पदव्या व बिरुदे नाहीत, असे ते नवे राष्ट्र. मग दिवाणखान्यात पाऊल टाकताच पाहुण्यास यजमानाची पायरी कळावी कशी? ते काम तसबिरीकडे आले. व्यापारी, वकील, धर्मोपदेशक, नौकांचे मालक आपापल्या तसबिरी काढवून घेऊ लागले. गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ साली काढलेले जॉर्ज वॉशिंग्टनचे पूर्णाकृती चित्र येथील ललितकला अकादमीच्या संग्रहात आहे. त्याच्यापासून पुढे शतकभर तोच बेत दिसतो: पाठीमागे काळसर तपकिरी अंधार, आणि वरून एका बाजूने येणारा उजेड कपाळावर, पांढऱ्या गळपट्टीवर व हाताच्या बोटांवर. कपाळ म्हणजे बुद्धी, गळपट्टी म्हणजे परीटघडीची सुस्थिती आणि बोटे म्हणजे कष्टाच्या कामातून मुक्तता. अशा तसबिरींनी दालनेच्या दालने भरली आहेत. पाच-पंचवीस पाहून झाल्यावर मला त्यांचा कंटाळा आला, हे प्रांजळपणे सांगतो.

त्या कंटाळ्यातून मला जागे केले ते चार्ल्स विल्सन पील याच्या घराण्याने. पील हा चित्रकार, आणि शिवाय पदार्थसंग्रहालय चालविणारा मोठा खटपट्या गृहस्थ. त्याच्या संग्रहालयात १८०२ च्या अखेरीस एक यंत्र आले. माणसाने त्याच्या शेजारी बसावे, चेहऱ्याच्या कडेवरून एक दांडी फिरवावी, आणि तिच्या दुसऱ्या टोकाने घडी घातलेल्या कागदावर त्याच चेहऱ्याची लहान रेघ उमटावी, अशी त्याची रचना होती. मग त्या रेघेवरून कात्रीने आतला भाग कापून टाकावयाचा व उरलेला कागद काळ्या कागदावर बसवावयाचा, म्हणजे मधल्या पोकळीतून काळा मुखवटा दिसू लागे. घडीमुळे एका बैठकीत चार प्रती निघत. या कामाचे मोल आठ सेंट. ज्याला तैलचित्र परवडत नसे त्याला आपली छाया तरी घरी नेता येत असे, आणि पहिल्या वर्षीच अशा आठ हजारांहून अधिक छाया कापल्या गेल्या.

ती कात्री चालविणाऱ्या माणसाचे नाव मोझेस विल्यम्स. तो पीलच्या घरी गुलाम म्हणून वाढला. त्याच्या आईबापांना मेरीलंडमधील एका जमीनदाराने तसबिरीच्या मोबदल्यात पीलच्या स्वाधीन केले होते. ही गोष्ट वाचली तेव्हा मी चष्मा काढून पुन्हा पुसला. तसबिरीची किंमत म्हणून माणसे! पीलने आपल्या मुलांची नावे राफाएल, रेम्ब्रँट, टिशियन अशी थोर चित्रकारांवरून ठेवली आणि त्यांना रंग व कुंचला शिकविला. त्याच छपराखाली वाढलेल्या मोझेसच्या हाती मात्र कात्री दिली. उजेड रंगविण्याची विद्या मुलांना, छाया कापण्याची विद्या गुलामाला. १८०२ साली त्याला दास्यमुक्ती मिळाली, आणि त्या कात्रीच्या कमाईवर त्याने पुढे विटांचे दुमजली घर घेतले. पीलच्या घरातील गोरी स्वयंपाकीण पूर्वी त्याच्या पंक्तीस बसत नसे; तिच्याशीच त्याचा विवाह झाला.

अमरकोशात छाया या शब्दाचे अर्थ दिले आहेत ते मला तेथे आठवले. ऊन नसणे म्हणजे छाया, प्रतिबिंब म्हणजे छाया, सूर्याची पत्नी ती छाया. आणि कांती, म्हणजे चेहऱ्यावरचे तेज, तीही छायाच. तीस वर्षे हा शब्द मी मुलांकडून घोकून घेतला. एकाच शब्दात काळोख आणि तेज दोन्ही कसे नांदतात, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला विचारला नाही, आणि मीही तो स्वतःस विचारला नव्हता.

पीलबद्दल मन कडवट झाले असतानाच त्याचेच दुसरे एक चित्र पुढे आले. १८१९ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, तो राष्ट्राध्यक्ष मन्रो आदी थोरांची चित्रे काढण्यासाठी वॉशिंग्टनला गेला असता जवळच्या जॉर्जटाऊनमध्ये यॅरो मामूत नावाच्या वृद्धाची कीर्ती त्याच्या कानी आली. हा पश्चिम आफ्रिकेतून १७५२ साली गुलाम म्हणून आणलेला मुसलमान. १७९६ साली त्याला मुक्तता मिळाली, आणि पै पै साठवून त्याने स्वतःचे घर केले व पेढीचे भागही विकत घेतले. त्याचे वय एकशे चौतीस आहे असा पीलचा समज झाला होता. वस्तुतः तो ऐंशीच्या थोडा पुढे असावा. पीलने त्याचे चित्र काढले ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हे व पैशासाठीही नव्हे. डोक्यास विणलेली टोपी, अंगात जाड कोट, आणि मिस्किल डोळ्यांत हसू. राष्ट्राध्यक्षाच्या कपाळाला जो उजेड द्यावयाचा, तोच या माणसाच्या सुरकुत्यांना दिला आहे. ज्या हाताने मोझेसच्या हाती कात्री दिली तोच हा हात, हे मनात जुळविणे मला जड गेले, आणि अजूनही जाते.

आता ज्या चित्रासाठी हा लेख लिहावयास बसलो त्याकडे येतो.

त्याचे नाव 'द ग्रॉस क्लिनिक'. चित्रकार टॉमस ईकिन्स, याच शहरात १८४४ साली जन्मलेला. चित्र १८७५ चे, आठ फूट उंच. जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयाचे शस्त्रवैद्य सॅम्युएल ग्रॉस हे भर दुपारी, छतावरील काचेतून येणाऱ्या उजेडात, विद्यार्थ्यांनी भरलेल्या चढत्या बाकांसमोर एका गरीब रुग्णाच्या मांडीतील सडलेले हाड काढीत आहेत. त्या काळी शस्त्रवैद्य नेहमीचा काळा कोट घालूनच शस्त्र चालवीत; जंतूंविषयीचे ज्ञान अद्याप सर्वमान्य व्हावयाचे होते. ग्रॉस यांचे वय सत्तर. क्षणभर ते वळून विद्यार्थ्यांना काही समजावीत आहेत. सारा उजेड त्यांच्या रुंद कपाळावर, पांढऱ्या केसांवर, आणि शस्त्र धरलेल्या, रक्ताने माखलेल्या बोटांवर.

येथे तसबिरींचा जुना बेत मोडला आहे, हे माझ्याही ध्यानात आले. कपाळावर उजेड आहेच. पण हात कामातून मुक्त झालेला नाही. हा मनुष्य मोठा आहे तो हाताने काम करतो म्हणून, आणि ते काम शिकवितो म्हणून. शिक्षकाचे याहून उदात्त चित्र मी पाहिले नाही. माझा ऊर भरून आला आणि मी सूनबाईंना तसे म्हणालो.

त्यांची दृष्टी मात्र दुसरीकडे होती. प्रथम त्या पाहत होत्या रुग्णाच्या तोंडावर क्लोरोफॉर्मचे फडके धरून बसलेल्या वैद्याकडे, कारण तो त्यांच्या व्यवसायाचा. मग त्यांनी डाव्या बाजूस बोट केले. तेथे काळ्या वस्त्रांतील एक स्त्री, बहुधा रुग्णाची आई, तोंडासमोर हात आडवा धरून बसली आहे आणि त्या हाताची बोटे वाकडी झाली आहेत. धर्मार्थ उपचार होत असलेल्या रुग्णाजवळ नातलगाने हजर राहावे, असा रिवाज असे.

"बाबा," सूनबाई म्हणाल्या, "एवढी माणसं आहेत चित्रात, पण तिच्याकडे एकानंही पाहिलेलं नाही."

मी पुन्हा पाहिले. खरेच, एकही मान तिच्या बाजूस वळलेली नाही. मीही पाहिले नव्हते.

हे चित्र ईकिन्सने कोणी सांगितले म्हणून काढले नव्हते; १८७६ साली राष्ट्राच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात ते झळकावे अशी त्याची उमेद होती. निवड करणाऱ्यांना रक्त खपले नाही. कलादालनात त्याला जागा मिळाली नाही, आणि सैनिकी रुग्णालयाचा जो नमुना प्रदर्शनात उभारला होता त्यातील खाटांच्या सोबतीला ते टांगले गेले. १८७८ साली ते महाविद्यालयास मिळाले दोनशे डॉलरांत. २००६ साली तेच चित्र अडुसष्ट दशलक्ष डॉलरांना शहराबाहेर जावयाची वेळ आली, तेव्हा नागरिकांनी वर्गण्या दिल्या, अकादमीने ईकिन्सचेच दुसरे एक उत्तम चित्र विकले, आणि दोन संस्थांनी मिळून ते शहरात राखले. लोकांनी चित्रासाठी एवढा जीव टाकावा, याचे मला कौतुक वाटले.

परंतु या चित्राचा जो वृत्तान्त माझ्या मनात अधिक रुतला तो असा. ग्रॉस यांच्या मागे, सभागृहात येणाऱ्या बोळाच्या तोंडाशी दोन माणसे उभी आहेत. एक ग्रॉस यांचे चिरंजीव, तेही शस्त्रवैद्य. दुसरा ह्यूई नावाचा महाविद्यालयाचा शिपाई. ईकिन्सने दोघांनाही दाट अंधारात ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत कोणी तरी चित्र स्वच्छ करावयास घेतले आणि काजळी समजून ईकिन्सने हेतुतः चढविलेले पातळ काळसर रंगाचे थर पुसून काढले. झाले! बोळ नारिंगी-तांबडा दिसू लागला आणि ती दोन माणसे, मुख्यतः तो शिपाई, कारण नसता उजेडात आली. पाहणाऱ्याची नजर ग्रॉस यांच्या कपाळावरून घसरून मागे जाऊ लागली. शेवटी २००९-१० मध्ये तज्ज्ञांनी ईकिन्सच्या स्वतःच्या हातची शाईतील प्रतिकृती आणि एक जुना फोटो पुढे ठेवून तो अंधार पुन्हा चढविला. शिपाई आपल्या छायेत परत गेला.

कलेच्या दृष्टीने हेच योग्य झाले, यात मला शंका नाही. चित्रकाराने ठेवलेली छाया पुसण्याचा अधिकार साफसफाई करणाऱ्यास नाही. तरीही जवळजवळ शंभर वर्षे चुकून उजेडात आलेल्या त्या माणसाला पुन्हा अंधारात नेले, हे वाचून मला चैन पडेना. त्याचे कारण आमच्या घरी कोणास ठाऊक नाही. येथे लिहितो.

मी ज्या शाळेत होतो तेथे १९८६ साली शिक्षकवृंदाचा फोटो काढला. मुख्याध्यापक मध्ये खुर्चीत, आम्ही दोन्ही बाजूंस व मागे, आणि उजव्या कडेला, लिंबाच्या सावलीत, शाळेचे शिपाई. फोटो रंगीत आणि मोठा होता. चौकट मात्र आधीच आणून ठेवलेली होती व ती अरुंद निघाली. चौकटीचे काम माझ्याकडे होते. फोटोची उजवी कड मी मागे दुमडली आणि वर पुठ्ठ्याची किनार बसविली. किनारीखाली काय गेले ते मला दिसले होते. "चालेल," असे मी म्हणालो, आणि कोणी हरकत घेतली नाही. पुढे ते शिपाई निवृत्त होईपर्यंत, दर गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती काच त्यांनीच पुसली. एका शब्दाने त्यांनी मला कधी विचारले नाही.

सूनबाईंशी तेव्हा मी यातले काही बोललो नाही. त्या मला ईकिन्सचे दुसरे शस्त्रक्रियेचे चित्र दाखवीत होत्या. ते १८८९ चे, वैद्य ॲग्न्यू यांचे. चौदा वर्षांत काळे कोट जाऊन पांढरे झगे आले आहेत, सारे चित्रच उजळले आहे, आणि एक स्त्री त्यात ताठ उभी आहे: परिचारिका मेरी क्लायमर. दुसरी स्त्री रुग्णशय्येवर आहे. स्त्री वैद्य मात्र एकही नाही, आणि ती असू नये म्हणून त्या शहरात काय काय झाले होते तेही सूनबाईंनी सांगितले. १८६९ च्या नोव्हेंबरात स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनी पेनसिल्वेनिया रुग्णालयात व्याख्यानास गेल्या असता पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो केली होती.

त्याच महाविद्यालयात आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली आल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, आणि त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, त्याच शहरात, ईकिन्सला अकादमीतील आपले पद सोडावे लागले होते. विद्यार्थिनींपुढे पुरुषाचे नग्न शरीर अभ्यासास ठेवले, हा त्याचा अपराध. दोघे कधी एका रस्त्यावरून गेले असतील काय, असा विचार मनात आला. आनंदीबाईंना ईकिन्सने रंगविले नाही. त्यांना ओळखतो ते आपण फोटोवरून. १० ऑक्टोबर १८८५ च्या त्या फोटोत आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या साबात इस्लामबूली या तिघी आपापल्या देशाच्या वेषात आहेत. तिघींवर सारखाच उजेड आहे.

शेवटच्या भेटीत पाहिलेल्या एका चित्राविषयी लिहून आटोपतो. हेन्री ओसावा टॅनर हा ईकिन्सचा शिष्य, कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाचा मुलगा. अकादमीत असता काही सहाध्यायांनी एका रात्री त्याला भर रस्त्यात चित्राच्या घोडीला बांधून ठेवले होते. त्यांच्यातल्याच एकाने पुढे ही हकीकत आपल्या आठवणींत लिहिली, आणि लिहिताना त्याला लाज वाटलेली दिसत नाही. टॅनर १८९१ साली पॅरिसला गेला व तेथेच नावारूपास आला. १८९७ साली त्याने आपल्या आईचे चित्र काढले. तिचा जन्म गुलामीतला. ती खुर्चीत बसली आहे. खांद्यावरची शाल खाली ओघळली आहे. भोवती तपकिरी अंधार, जो या लेखाच्या आरंभी व्यापाऱ्यांच्या पाठीमागे होता तोच. पण येथे तो अंधार तिला बाजूस सारीत नाही. सांजवेळी दिवा लावण्यापूर्वी घरातले वडीलधारे माणूस ओसरीवर निवांत बसते, तसा तो तिच्याभोवती बसला आहे. उजेड फार थोडा, आणि तो तिच्या चेहऱ्यावर. मी तेथील बाकावर बसून राहिलो. सूनबाई घड्याळ पाहत असूनही काही बोलल्या नाहीत.

घरी परतल्यावर पंधरा दिवसांनी शाळेत गेलो. मुख्याध्यापक आता माझाच एक विद्यार्थी आहे. परवानगी मागून मी ती चौकट उतरविली, मागचे खिळे काढले आणि फोटो टेबलावर ठेवला. खिडकीच्या उजेडात इतकी वर्षे राहिल्याने आमचे सर्वांचे चेहरे पिवळट व फिकट झाले आहेत; मुख्याध्यापकांच्या कोटाचा रंगही ओळखू येत नाही. दुमडलेली कड मी हलकेच उलगडली. तेथे लिंबाची पाने हिरवीगार आहेत, आणि खाकी सदऱ्यातील ते गृहस्थ, दोन्ही हात पाठीमागे बांधून, काल काढल्यासारखे स्पष्ट उभे आहेत.